आक्काने उजेडात पाहिलेलं शहर

आक्का वीसेक वर्षं बेकरीत रात्रपाळीला होती. लोक जेवून हात धुवायला उठले की ही घराबाहेर पडायची आणि लोक तोंड धुवायला उठायच्या आत, अंधारातच परत यायची. कणकेच्या गोळ्यांना आकार द्यायचा, लांब दांड्याच्या फळीवरून ते भट्टीत सोडायचे, फुगून लाल झाले की बाहेर ओढायचे, हे तिचं काम. मग घरी येऊन खिडकीला जाड पडदा लावायचा आणि दुपार उलटेपर्यंत झोपायचं. उठल्यावर स्वयंपाक, धुणं, थोडी आवराआवर, की पुन्हा अंधार आणि पुन्हा बेकरी. ज्या शहरात तिची हयात चालली होती ते शहर तिने दिव्याच्या खांबाखाली जेवढं दिसतं तेवढंच पाहिलं होतं.

नवरा गेल्यापासून घरात ती आणि तिची नणंद, अशा दोघीच राहत. नणंदेला ती वन्सं म्हणायची, म्हणून आपणही वन्संच म्हणू. वन्सं कपडे दुरुस्त करायच्या. कुणाची बाही आखूड कर, कुणाची कंबर सैल कर, असं त्यांचं पुढच्या खोलीत दिवसभर चाललेलं असे. मागच्या खोलीत स्वयंपाकाचा ओटा आणि एकच खाट. रात्री वन्सं त्या खाटेवर झोपत आणि सकाळी त्या उठल्या की आक्का झोपे. अंथरूण कधी गार पडत नसे. दोघींचं एकमेकींशी बरं चाललं होतं, कारण भांडायला सुद्धा दोघींनी एकाच वेळी जागं असावं लागतं.

वन्संना उन्हाळा लागला की घर खायला उठायचं. सुट्टीच्या दिवशी मशीनवर कापड टाकायचं, पायात चपला सरकवायच्या आणि निघायचं. कुठे जत्रा भरलीय, कुठे सेल लागलाय, कुठल्या रस्त्यावर बाजार बसलाय, कुठल्या बागेत वाजवणारे आलेत, सगळी खबर त्यांच्याकडे. परत आल्या की कामावर निघालेल्या आक्काला दारातच अडवून सगळं सांगायच्या. आक्का एक हात बाहीत घालता घालता हं हं करायची. मनात म्हणायची, वन्संच्या बोलण्यातलं निम्मं पाणी काढून टाकायचं आणि उरेल तेवढं खरं धरायचं.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी आक्काच्या डोळ्यांपुढे भट्टीसमोरच अंधारी आली आणि ती मैद्याच्या पोत्यांवर बसकण मारून पडली. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की दुसरं काही नाही, या बाईचं शरीर रात्रीची झोप मागतंय, उन्हाळाभर तरी हिला भट्टीपासून लांब ठेवा. मालक तसा कडक माणूस, पण घाबरला होता. पगारी रजा दिली आणि वर म्हणाला की भट्टी काही कुठे पळून जात नाही.

रजेच्या पहिल्याच रात्री घोळ झाला. खाट एक आणि माणसं दोन. वन्सं झोपेत सुद्धा कापड बेतत असाव्यात, कारण त्यांचे दोन्ही कोपर रात्रभर चालू होते. आक्का भिंतीला चिकटली, मग काठावर आली आणि सकाळी जमिनीवर सापडली. दुसरी खाट घ्यावी हे दोघींना एकदम पटलं. पण महिन्याअखेरीस मोठ्या दुकानाचा सेल लागणार असताना आधी जाऊन पूर्ण दाम देणं हे वन्संच्या तत्त्वात बसेना. तोवर आक्काने जमिनीवर गादी घातली.

दिवसभर जागं राहून करायचं काय, हे काही आक्काला उमगेना. घरात बसली की डोळे मिटायचे. वन्संनी दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी फर्मावलं, "वहिनी, ऊठ. बाहेर चल. डॉक्टर रात्री झोप म्हणालेत, दिवसा पेंग असं नाही म्हणाले."

तो रविवार होता. त्या दिवशी बेकरीकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावर गाड्या बंद ठेवून बाजार भरत असे. हा रस्ता आक्काला तोंडपाठ होता. कुठे फरशी निसटलीय, कुठे पाणी साचतं, कुठल्या दुकानाच्या पायरीवर रखवालदार डुलक्या काढतो, सगळं. वळण घेतलं आणि ती जागच्या जागी थांबली. मागून येणारा माणूस तिच्यावर आपटला, तरी तिला कळलं नाही.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंची झाडं जांभळ्या फुलांनी लगडली होती. खांबाच्या पिवळ्या दिव्यात तिला ती वीस वर्षं राखाडी दिसत आली होती. एवढी मोठी, एवढी भरलेली झाडं, आणि त्यांना रंग आहे हे तिच्या कधी गावीही नव्हतं. खाली रंगीत छतांच्या ओळी, त्याखाली माणसंच माणसं. टोमॅटोंच्या राशी, काचेची भांडी, जुने कोट, पिंजऱ्यातले पक्षी, पिसाऱ्यासारखे मांडलेले चाकू. आक्का प्रत्येक ठेल्यापुढे देवळात उभं राहावं तशी उभी राहायची. वन्सं बटणवाल्याशी घासाघीस करत होत्या तोवर ती एका म्हाताऱ्यापाशी पोचली. त्याने चादरीवर नुसत्या किल्ल्या मांडल्या होत्या, गंजलेल्या, पितळी, बोटभर लांब, कुलूप मात्र एकही नाही.

हे घेतं कोण, असं तिने विचारलं. म्हातारा म्हणाला, "घेतात. हातात किल्ली आली की माणसाला कुलूप शोधायचा हुरूप येतो."

आक्का त्यावर बराच वेळ हसली. मग हसता हसता तिच्या लक्षात आलं की उन्हात उभं राहून अनोळखी माणसाशी हसून आपल्याला किती वर्षं झाली, ते आठवतसुद्धा नाही. घरी येईपर्यंत तिची मान दुखायला लागली होती, इतकं तिने वर पाहिलं होतं.

त्यानंतर तिला घरातून ओढावं लागलं नाही. पुढच्या सुट्टीला दोघी नदीकाठच्या जत्रेत गेल्या. आकाशपाळण्यात बसायची कल्पना वन्संची, पण पाळणा जमिनीवरून सुटला तशी वन्संची बोलतीच बंद झाली. त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि दांडी दोन्ही हातांनी धरली. आक्का मात्र बाहेर वाकून पाहू लागली. खाली जत्रा लहान होत गेली, मग छपरं दिसली, मग छपरांपलीकडची छपरं, आणि मग नदी.

आक्काच्या घराजवळ एक नदी होती आणि तिच्यावर पूल होता. बेकरीच्या मागेही एक नदी होती आणि तिच्यावरही पूल होता, आणि कामावर जाताना ती दोन्ही पूल ओलांडायची. लग्न होऊन या शहरात आल्यापासून आक्का धरून चालली होती की या दोन वेगळ्या नद्या आहेत. कुणी विचारलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं, आणि अंधारात पाणी सगळं सारखंच काळं. आता वरून तिला दिसलं की एकच नदी घराजवळून निघते, अख्ख्या शहराला कुशीत घेऊन वळते आणि बेकरीमागून पुढे जाते. ऊन तिच्या पाठीवर चमकत होतं. आपण रोज जाता येता दोनदा हिलाच ओलांडत होतो.

"वन्सं, ही नदी एकच आहे?"

"मला आत्ता काही विचारू नकोस. खाली गेल्यावर सांगते."

खाली आल्यावर वन्सं आधी पाणी प्यायल्या, मग त्यांनी पदराने घाम टिपला आणि मग विचारलं की नदीचं काय म्हणत होतीस. आक्काने सांगितलं. वन्संना हसू आवरेना. पण आक्काचा चेहरा पाहून त्यांचं हसू हळूहळू विरलं. त्या जत्रेला त्या दर वर्षी येत होत्या, पाळण्यातही बसत होत्या, पण डोळे उघडून वरून नदी पाहायचं त्यांना कधी जमलं नव्हतं.

आणि मग सेलचा दिवस उजाडला. वन्सं दुकानाचं शटर उघडायच्या आधीपासून रांगेत, आक्का त्यांच्या मागे. दुकान आतून मधोमध पोकळ होतं. चारी बाजूंनी मजले, प्रत्येक मजल्यावर कठडा आणि वर काचेचा मोठा घुमट. सरकत्या जिन्यावर पाय टाकायला आक्का कचरली, तेव्हा वन्संनी तिला मागून ढकललं. घडीच्या खाटा सगळ्यात वरच्या मजल्यावर होत्या. लोखंडी नळ्या, जाड कापड, आणि एका पायाचा रंग खरचटल्यामुळे किंमत आणखी उतरवलेली, अशी एकच उरली होती.

"झोपून बघ," वन्सं म्हणाल्या.

आक्का आडवी झाली आणि तिथेच हरवली. डोळ्यांवर थेट घुमट आला. काचांमधून ऊन झिरपत होतं, त्यात धूळ सोन्याच्या भुकटीसारखी तरंगत होती आणि सगळ्या मजल्यांवरच्या माणसांचं बोलणं वर येऊन तिथे एकजीव होऊन घुमत होतं. भट्टीचा घुमट तिच्या ओळखीचा होता, पण आतून उजेड असलेला घुमट ती पहिल्यांदा पाहत होती. तेवढ्यात एक नवराबायको येऊन खाटेचा पाय चाचपू लागले. वन्संनी कमरेवर हात ठेवले आणि हळूच सांगितलं, "वहिनी, काही झालं तरी उठू नकोस." आक्काचा उठण्याचा विचारच नव्हता. ती दोघं जरा वेळ ताटकळली आणि निघून गेली.

दुकानवाले खाट घरपोच करणार होते, पण चार दिवसांनी. आणखी चार दिवस कोण थांबणार, असं म्हणून वन्संनी खाट ताब्यात घेतली. बसवाल्याने खाट पाहिली आणि दार लावून घेतलं. मग काय, एक टोक वन्संच्या खांद्यावर, दुसरं आक्काच्या, आणि वरात निघाली पायी. बागेपाशी येईपर्यंत वन्संना धाप लागली. बागेत संध्याकाळी वाद्यवृंद वाजवणार होता आणि लोक चटया टाकून हिरवळीवर बसू लागले होते. वन्सं म्हणाल्या, जरा टेकू. माळ्याने मात्र बजावलं की खाट गवतावर मांडायची नाही. दोघींनी ती कडेच्या पायवाटेवर उघडली आणि दोघी पाय सोडून ऐसपैस बसल्या. सगळी बाग खाली बसलेली आणि या दोघी जरा उंचावर. वन्संना त्यात फार मजा वाटत होती. येणारेजाणारे हसले की त्या मान तुकवून नमस्कार स्वीकारत होत्या.

उन्हाळ्यातली लांब संध्याकाळ होती, ऊन अजून झाडांच्या शेंड्यांवर होतं. समोर एक कुटुंब येऊन बसलं. आईने टोपली उघडली, बापाने कागदातून पाव काढला. आक्काची पाठ ताठ झाली. पावाच्या पाठीवर तीन तिरके काप होते आणि शेवटच्या कापापाशी अंगठ्याचा खळगा. हे तिच्याच बेकरीचं काम. खळगा द्यायची खोड तर तिचीच होती, आणि ती नसताना भट्टीवरच्या पोरांनी चालू ठेवली होती.

तिने वीस वर्षं पाव भट्टीतून काढले, पेट्यांत भरले, पेट्या पहाटे गाडीत चढल्या आणि गाडी गेली. पुढे काय होतं हे तिने पाहिलंच नव्हतं. तिच्या लेखी पाव कुठेतरी जात होते. आता तिच्या डोळ्यांदेखत बापाने पाव मोडला, कवच कुरकुरत फुटलं, आईने तुकडे वाटले. लहान मुलीने मऊ गाभा काढून खाल्ला आणि कवच आजीच्या हातात ठेवलं. आजीने ते निगुतीने चघळलं. आक्काने नजर फिरवली तर पलीकडच्या चटईवर तोच पाव, त्याच्या पलीकडेही तोच. हिरवळभर लोक पाव मोडत होते, एकमेकांना देत होते, बोलता बोलता खात होते. कुणाचं पावाकडे लक्षही नव्हतं, आणि आक्काला तेच सगळ्यात मोठं वाटलं. हवेकडे तरी कोण लक्ष देतं?

वन्संच्याही ध्यानात आलं. त्या समोरच्यांना सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात आक्काने त्यांचा हात दाबला. "नको. खाऊ दे त्यांना," ती म्हणाली.

मग वादक आले. काळे कपडे, हातांत चमकणारी वाद्यं. एक बाई तर स्वतःपेक्षा मोठं व्हायोलिन मिठीत धरून उभी राहिली. काडी घेतलेला माणूस पुढे झाला, त्याने हात उचलला आणि बागेतली कुजबुज दिवा मालवावा तशी थांबली. एवढी माणसं एकदम गप्प होतात हेच आक्काला नवीन होतं.

पहिले सूर आले आणि तिचा उजवा हात आपोआप पुढे गेला, भट्टीची फळी धरायला जावा तसा.

बेकरीत मैद्याच्या फडताळावर एक रेडिओ होता. रात्रभर तो बंद असे, कारण कणीक मळायच्या यंत्रापुढे काही ऐकूच येत नसे. पहाटे यंत्र थांबलं की कुणीतरी तो लावायचं. केंद्र सुरू होण्याआधी एक छोटीशी धून वाजायची. ती हळूहळू एकेक पायरी वर चढायची आणि एका जागी येऊन थांबायची. मग एक माणूस सुप्रभात म्हणायचा आणि बातम्या लागायच्या. धून वाजली की शेवटचा घाणा बाहेर काढायचा, हा बेकरीचा रिवाज. आक्काने ती वीस वर्षं रोज ऐकली होती. ती तेवढीच आहे, घंटेसारखी, खूण म्हणून केलेली, असंच तिला वाटत होतं.

तीच धून आता समोर वाजत होती, पण रेडिओच्या डबीतून येत नव्हती. ती जमिनीतून येत होती, खाटेच्या नळ्यांतून पायांत चढत होती, छातीत शिरत होती. पायऱ्या चढत चढत धून त्या जागी आली. आक्काने श्वास रोखला. तिचे कान त्या माणसाच्या सुप्रभातची वाट पाहू लागले.

आणि धून थांबली नाही. मोठ्या व्हायोलिनवालीने खालून एक खोल सूर दिला, बाकीच्यांनी त्यावर पाय ठेवला आणि सगळे मिळून पुढे निघाले. जिथे रोज दार बंद व्हायचं तिथे दार उघडलं आणि आत दालनामागून दालन लागत गेलं. कुठे बासरी एकटीच फिरून आली, कुठे पितळी वाद्यांनी छप्पर उचललं, कुठे सगळं इतकं बारीक झालं की झाडावरच्या पक्ष्याचा आवाज मधूनच त्यात मिसळला. जुनी धून मधून मधून डोकावायची, ओळख द्यायची आणि पुन्हा आणखी पुढे न्यायची.

आक्काने वन्संचं मनगट पकडलं. "वन्सं, ह्याच्या पुढे आहे," ती कुजबुजली. "एवढं सगळं पुढे आहे."

वन्संना काही कळलं नाही. पण त्यांनी वहिनीकडे पाहिलं आणि मग त्या वादकांकडे पाहीनात, तिच्याकडेच पाहत राहिल्या. आक्काच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. भाऊ गेला त्या दिवशी सुद्धा ही बाई चार लोकांत रडली नव्हती.

वाजवून झालं, टाळ्या झाल्या, लोक चटया गुंडाळू लागले. आक्का सरळ उठून पुढे गेली. ती मोठ्या व्हायोलिनवाली बाई वाद्य पेटीत बसवायच्या खटपटीत होती. आक्काने पेटीचं एक टोक धरलं, वजनाची सवय होतीच, आणि विचारलं की हे आत्ता वाजवलंत ते एवढंच का.

बाईने घाम पुसला. "छे. हा पहिला भाग. आज वेळ नव्हता म्हणून तेवढाच घेतला. उन्हाळ्याच्या शेवटच्या रविवारी पूर्ण वाजवणार आहोत. असाल ना?"

आक्काने होकारार्थी मान हलवली.

त्या रात्री ती नव्या खाटेवर झोपली आणि सकाळी ऊन तोंडावर येईपर्यंत तिला जाग आली नाही. वन्संनी पडदा लावला नव्हता.

शेवटच्या रविवारी दोघी नुसती चटई घेऊन गेल्या आणि अगदी पुढे बसल्या. तिसऱ्या भागात एक जागा अशी आली की सगळी वाद्यं थांबली आणि हवेत नुसता मागचा सूर उरला. तेव्हा वन्संनीच आक्काचा हात शोधला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. परतताना वाटेत वन्सं एक शब्द बोलल्या नाहीत, हे आक्का पुढे कित्येकांना सांगत असे.

रजा संपली तशी आक्का मालकाकडे गेली आणि दिवसपाळी मागितली. मालक म्हणाला की दिवसा भट्टीचं काम नसतं, पुढे दुकानात उभं राहावं लागेल, जमेल का. ती म्हणाली, जमेल. पण भट्टीवरच्या दोघा जुन्या सोबत्यांचा निरोप घ्यायला ती एकदा पहाटे मुद्दाम गेली. रेडिओवर धून लागली, ठरल्या जागी थांबली, आणि आक्काने बातम्यांचा आवाज बारीक केला. ह्याच्या पुढे असं आहे, म्हणत ती गुणगुणू लागली. तिला नीट येत नव्हतं, मधले दुवे निसटत होते, बासरीच्या जागी तर ती नुसतीच शीळ घालत होती. ते दोघे फळ्या हातात धरून ऐकत राहिले. त्या दिवशीचा शेवटचा घाणा जरा जास्तच लाल झाला.

दुकानात उभं राहायची सवय व्हायला तिला वेळ लागला. रात्रीची शांतता आठवायची, भट्टीची धगही आठवायची. पण पाव घ्यायला येणाऱ्यांचे चेहरे बघता बघता दिवस सरायचा. संध्याकाळी ती घरी यायची तेव्हा वन्सं मशीनवर वाकलेल्या असत. थंडी सुरू झाली, बाजार आटोपते झाले, जत्रेवाले पाळणा उतरवून दुसऱ्या गावी गेले. अशाच एका सुट्टीच्या दिवशी वन्सं पांघरूण ओढून म्हणाल्या की आज गुडघे धरलेत, बाहेर वारं आहे, आज काही नको.

आक्काने त्यांच्या चपला आणून खाटेपाशी ठेवल्या. टाऊन हॉलमध्ये शाळेतली पोरं वाजवणार होती म्हणे, फुकट होतं, आणि बहुधा बेसूर होणार होतं.

"चला वन्सं, उठा," ती म्हणाली. "जागा धरायला हव्यात."